चीजवर विनोदी कविता लिहायचीय? आधी वृत्त पकडा

ताई, प्रश्न वाचला. सोसायटीच्या गणपतीत प्रत्येकानं चिठ्ठीत येईल त्या पदार्थावर विनोदी कविता म्हणायची, तुमच्या चिठ्ठीत चीज आलं, चार ओळी झाल्या, घरात वाचून दाखवल्या तर कोणी हसलंच नाही, आणि आता चीजसारख्या बाहेरच्या पदार्थावर मराठीत विनोदी लिहिताच येत नाही की काय असं तुम्हाला वाटायला लागलंय. येतं, आणि फार छान येतं. तुमच्या ओळी आधी परत लिहितो म्हणजे त्यांच्यावरच बोलता येईल:

चीज चीज चीज, मला आवडते चीज,
मम्मी मला देना, प्लीज प्लीज प्लीज.
पिझ्झा असो की बर्गर, चीज हवंच,
चीजशिवाय जीवन म्हणजे शून्यच.

मी वात्रटिका आणि विडंबन लिहितो, मंडळांच्या हास्यकविसंमेलनांतून म्हणतो, आणि नवीन लिहिणाऱ्यांच्या वह्याही तपासतो, त्यामुळे उत्तर जरा लांबेल, पण तुमच्याकडे वेळ आहे असं दिसतंय.

या चार ओळींत चीज काहीच करत नाही, ते नुसतं आवडतं. चीज काढून तिथे चॉकलेट घाला, बासुंदी घाला, कविता तशीच राहते, म्हणजे ही कविता हट्टाची झाली, चीजची झालीच नाही. आणि पहिल्या दोन ओळी टाळीवर म्हणता येतात, तिसऱ्या ओळीला टाळी कुठे मारायची तेच कळत नाही. विनोदी कवितेत हे फार महाग पडतं, कारण ऐकणारा तालावर बसलेला असतो, पुढचा ठोका कुठे येणार हे त्याच्या कानाला माहीत असतं आणि त्या ठोक्यावर काहीतरी भलतंच आलं की तो हसतो. ठोकाच चुकला तर तो गोंधळतो, आणि गोंधळलेला माणूस हसत नाही. हवंच आणि शून्यच हे यमक पण नाही हां, दोन्हीकडे च लावलाय इतकंच.

माझं म्हणणं असं आहे की वृत्त अगदी गंभीर आणि काटेकोर घ्या, ज्या चालीवर आपण लग्न लावतो, अभंग म्हणतो, उपदेश ऐकतो ती चाल, आणि तिच्यात चीजबद्दलची एखादी डोळ्यांनी बघितलेली खरी गोष्ट ठेवा. हसू तिथून येतं. विनोद करायला गेलात की जातो.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण कॅनडातलं आहे. जेम्स मॅकिन्टायर नावाचा एक माणूस, मूळ स्कॉटलंडचा, ओंटारिओ प्रांतातल्या इंगरसोल गावात राहायचा, फर्निचर आणि शवपेट्या बनवण्याचा धंदा. त्या भागात दूध आणि चीज हाच मुख्य उद्योग, आणि १८६६ साली इंगरसोलला ७,३०० पौंडांचं, म्हणजे साधारण ३,३०० किलोचं एकच चीज बनवलं गेलं, ते प्रदर्शनासाठी न्यूयॉर्क राज्यात आणि पुढे इंग्लंडला पाठवलं. मॅकिन्टायरनं त्या चीजवर स्तोत्र लिहिलं. चीजला राणी म्हटलं, तू शांत पहुडली आहेस, संध्याकाळचा वारा तुला पंख्यानं वारा घालतोय, तुझ्या अंगावर बसायची माशीची हिंमत नाही, असं सगळं. तो माणूस मनापासून लिहीत होता, त्याला त्या चीजचा आणि आपल्या गावाचा खरा अभिमान होता, आणि म्हणूनच ती कविता आज दीडशे वर्षांनंतरही लोक वाचतात आणि खो खो हसतात. तो १९०६ मध्ये गेला, पण त्याचं नाव चीज-कवी म्हणूनच राहिलंय. त्यानं हे नकळत केलं, आपण जाणूनबुजून करायचं, पण करताना चेहरा त्याच्यासारखाच ठेवायचा. माशीची ती ओळ बघा. राणी, वारा हे कोणालाही सुचेल, माशी फक्त उघड्यावर ठेवलेलं अवाढव्य चीज ज्यानं जवळून बघितलंय त्यालाच सुचते.

म्हणून लिहायला बसायच्या आधी एक क्यूब घ्या आणि नुसतं बघा. चांदीचा कागद उलगडताना एक बारीक कोपरा हमखास चीजला चिकटून राहतो आणि नखानं काढावा लागतो. किसायला घेतलं की ताटात कमी पडतं आणि किसणीच्या आतल्या बाजूला जास्त बसतं, आणि ते आतलं कोण खाणार यावरून घरात भांडण होतं. गरम असताना तार निघते, गार झालं की रबर. ही सगळी कवितेची सामग्री आहे. थोडं त्यामागचं कारण माहीत असेल तर अजून मजा येते. मोझरेला बनवताना विरजलेल्या दुधाचा गोळा गरम पाण्यात घालून ताणतात, त्यामुळे त्यातल्या प्रथिनांचे धागे एका दिशेनं लागतात, म्हणून पिझ्झाचा तुकडा उचलला की तार हातभर येते. आपल्या क्यूबवालं प्रोसेस्ड चीज वेगळं, त्यात सायट्रेट नाहीतर फॉस्फेटचे क्षार घालतात म्हणून ते तेल न सोडता मऊ वितळतं, पण तार आखूड. आणि पनीर? पनीर गरम दुधात लिंबू किंवा दुसरं आम्ल घालून फाडतात, त्यात दुधातलं बरंचसं कॅल्शियम पाण्याबरोबर निघून जातं, प्रथिनं एकमेकांना घट्ट धरून बसतात, मग तव्यावर कितीही तापवा, पनीर लाल होतं पण वितळत नाही.

आता हे कळलं की दोन पात्रं आयती मिळाली ना. एक ताठ, एक पाघळणारं. अष्टाक्षरीत, म्हणजे प्रत्येक ओळीत आठ अक्षरं, बाकी काही बघायचं नाही:

पनीर सांगे चीजला,
काय हे वागणं बाई,
जरा तापला तवा की
तुला धीर कसा नाही.

यात मी एकही विनोदी शब्द वापरलेला नाही. एक म्हातारी सुनेला बोलावी तसं पनीर बोलतंय आणि जे बोलतंय ते तव्यावर खरोखर घडतं. बाई आणि नाही हे यमक कागदावर सैल वाटेल पण आपण बोलताना नाहीचा ह गिळतोच, कानाला बरोबर लागतं. लिंबर्गर चीज माहीत असेल तर त्यावरही असं होईल, त्याच्या सालीवर जे जिवाणू असतात त्यांचेच भाऊबंद माणसाच्या पायाच्या तळव्यावर राहतात, म्हणून त्याला मोज्यांचा वास येतो, पण तुमच्या सोसायटीत लिंबर्गर कोणी खाल्लेलं नसणार, तेव्हा पावभाजी, सँडविच, डोसा, मिसळ इथेच राहा. ऐकणाऱ्यानं स्वतः तार ओढलेली असली पाहिजे.

आता वृत्तांकडे येतो, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण खरं काम इथेच आहे.

मनाचे श्लोक ज्या वृत्तात आहेत ते भुजंगप्रयात. लघु म्हणजे आखूड अक्षर, एक मात्रा, आणि गुरु म्हणजे लांब अक्षर, दोन मात्रा; तर लघु, गुरु, गुरु असं चार वेळा, एकूण बारा अक्षरं. मराठी शाळेत गेलेल्या प्रत्येकाच्या कानात हे बसलेलं आहे, आणि ती चाल लागली की माणूस आपोआप उपदेश ऐकायच्या तयारीत ताठ बसतो. अशा ताठ बसलेल्या माणसाला हे ऐकवा:

गड्या, चीज खाता विचारी न व्हावे,
तुटे ना जरी तार, ओढीत जावे,
मिशीला हनूला जरी लोंबु लागे,
पुढे घास ने तू, नको पाहु मागे.

बोटावर मोजा. ग लघु, ड्या ची गुरु गुरु, ज लघु, खा ता गुरु गुरु, असं शेवटपर्यंत जातं. गड्या मध्ये ड्या हे जोडाक्षर आहे, जोडाक्षराआधीचं अक्षर एरवी गुरु धरतात, मग ग गुरु का नाही असं कोणी विचारेल, तर गड्या म्हणताना ग वर जोर पडत नाही म्हणून तो लघुच. न व्हावे मध्येही तेच. पण पिझ्झा मध्ये पि वर दणकून जोर पडतो, तिथे पि गुरु धरावाच लागेल. नवीन लोक इथेच अडखळतात, पुस्तकातला नियम पाठ करतात आणि तोंडानं म्हणून बघत नाहीत. लोंबू आणि पाहू मी ऱ्हस्व केलंय, तेवढी सूट पूर्वापार घेतात.

एक गंमत सांगतो. मोझरेला हा शब्द गुरु, लघु, गुरु, गुरु असा आहे, म्हणजे भुजंगप्रयातात तिसऱ्या अक्षरापासून तो अगदी बेमालूम बसतो. "असा मोझरेला जिभेला मिळावा", म्हणून बघा, इटलीहून आलेला शब्द वाटतच नाही. परकीय शब्द मराठी वृत्तात बसत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी ते बसवून बघितलेले नसतात. चेडर चार मात्रांचा, स्लाइस चार मात्रांचा, पिझ्झा चार मात्रांचा, हे तर मात्रावृत्तात, म्हणजे अक्षरं न मोजता मात्रा मोजायच्या वृत्तात, विटेसारखे रचता येतात.

मात्रावृत्त म्हटलं की फटका. संगमनेरच्या शाहीर अनंत फंदींनी गाजवलेला प्रकार, ओळीत तीस मात्रा, आठ-आठ-आठ-सहा अशा तुकड्यांनी चालतो, आणि त्याचा स्वभावच मुळी बजावून सांगण्याचा. घरातला वडीलधारा माणूस सावध करतोय असा आवाज त्या चालीतच आहे. मग सावध कशाबद्दल करायचं ते आपण ठरवायचं:

चीज घालुनी पोहे करता आजीपासुन जपून रे,
मिसळीवर जर किसले कोणी कोल्हापुरला लपून रे.

चीज घालुनी आठ, पोहे करता आठ, आजीपासुन आठ, जपून रे सहा. याला अजून कितीतरी ओळी जोडता येतील, खपून, टिपून, थापून नाही बरं का, थापून मध्ये मात्रा एक जास्त होते. तुमच्या घरात चीजवरून ज्यांचं ज्यांचं वाजतं त्यांची यादी करा आणि एकेकाला एकेक ओळ द्या, सासूबाई, जिमवाला भाचा, डबा परत आणणारा मुलगा. फक्त नावं गाळा, सोसायटीचा कार्यक्रम आहे.

आणि ज्याला हमखास टाळी आहे तो प्रकार म्हणजे मंगलाष्टक. वृत्त शार्दूलविक्रीडित, एकोणीस अक्षरं, बाराव्या अक्षरानंतर थांबा. अवघड आहे, पण चाल प्रत्येकाला येते आणि शेवटचे सात अक्षर तर सगळा हॉल तुमच्याबरोबर म्हणतो, त्यामुळे मेहनत घ्यावी. मी चीज-पावभाजीचं असं करतो:

लोण्याने नटला, तव्यावर उभा, तो पाव लाजे कसा,
आली चीज-वधू, हळूच वितळे, घाली मिठी राजसा,
आली भाजि वऱ्हाड घेउनि सवे कांदे-टमाटे किती,
आता हात धुवा, रुमाल पसरा, कुर्यात् सदा मंगलम्.

दुसऱ्या ओळीतलं "हळूच वितळे" बघा. किसलेलं चीज गरम पावावर पडल्याबरोबर वितळत नाही, काही सेकंद तसंच उभं राहतं आणि मग एकदम बसतं, आणि नवरीचं लाजणं तिथे बरोबर लागू पडतं. हळूचच्या ऐवजी लगेच घातलं असतं तर वृत्त बसलं असतं, पण नवरी अधीर वाटली असती. म्हणजे चित्र चुकलं असतं, आणि माझ्या मते चित्राची चूक जास्त मोठी, कारण मात्रा पडली तर चार जाणकारांना कळेल, पण चित्र खोटं निघालं तर सगळ्यांनाच कळतं, प्रत्येकानं तवा बघितलेला असतो.

यमकाबद्दल. तुम्ही चीजला प्लीज जोडलंत ते कानाला अगदी चोख आहे, पण पहिल्या पाच सेकंदांत कोणालाही सुचतं म्हणून त्याचा धक्का बसत नाही. चीजला मराठीत यमकांची चंगळ आहे, वीज, नीज, झीज, खीज, भाऊबीज, तजवीज. हे सगळे दंत्य, म्हणजे जीभ दातांशी नेऊन म्हणायच्या ज चे शब्द, चीजच्या शेवटी जो आवाज आपण काढतो त्याच्या जवळचे. फ्रीज लिहायला तसाच दिसतो पण बरेच जण त्याचा ज जिभेतल्या ज सारखा म्हणतात, त्यामुळे चीज-फ्रीज हे यमक डोळ्याला बरोबर आणि कानाला जरा कच्चं. कविता म्हणायची आहे ना, मग कानाचं ऐका. माझी आवड विचाराल तर तजवीज. सरकारी कागदात शोभणारा भारदस्त शब्द आहे, आणि "गेली वीज, घामेजलं चीज, करा काही तजवीज" म्हटलं की त्या भारदस्तपणामुळेच मजा येते. मात्र चीज हा शब्द गुरु-लघु असा आहे, म्हणून भुजंगप्रयात, शार्दूलविक्रीडित अशा लघु-गुरु ठरलेल्या वृत्तांत तो ओळीच्या अगदी शेवटी टाकू नका, तिथे गुरु लागतो, आत कुठेतरी बसवा. ओळीच्या शेवटी तो हवाच असेल तर अष्टाक्षरी नाहीतर मुक्त वात्रटिका घ्या.

आणि कष्टाचं चीज झालं ही कोटी करू नका. मला माहीत आहे ती तुमच्या मनात आलेली असणार, ती सगळ्यांच्याच मनात येते, तुम्ही चीज म्हणालात की पहिल्या रांगेतले काका ती ओठांवर घेऊनच बसलेले असतात. स्विस चीजच्या भोकांचे पैसे घेतात हेही तसंच. जे ऐकणाऱ्याला आधीच सुचलंय ते आपण म्हटलं की तो हसत नाही, मान डोलावतो.

आता अभंग. देवद्वार छंद, सहा-सहा-सहा-चार अक्षरं, दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्याला यमक. इथे लघु-गुरु बघायचं नाही, नुसती अक्षरं मोजायची, म्हणून सुरुवात करणाऱ्याला सगळ्यात सोपा. बोलताना आपण चीज एका झटक्यात म्हणतो पण अभंगात ची आणि ज वेगवेगळे गायचे, दोन अक्षरं.

उघडले दार / लागलासे दिवा /
एक क्यूब हवा / मध्यरात्री.

डॉक्टर म्हणाले / चीज नका खाऊ /
आता कुठे जाऊ / पांडुरंगा.

फ्रीजचं दार उघडल्यावर आत दिवा लागतो हे रोजचं आहे, पण अभंगाच्या चालीत ते म्हटलं की गाभारा उघडल्यासारखं वाटतं, आणि फ्रीज हा शब्द मी मुद्दाम घातलेला नाही, ऐकणाऱ्याला तो क्यूबपाशी कळू दे. शेवटची चार अक्षरं ही अभंगातली सोन्याची जागा, तिथे थोडं थांबून मग सोडायची. एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो, या छंदात लिहिताना हसू खाणाऱ्याचं व्हायला हवं, पांडुरंगाचं नाही. वरच्या ओळीत तो माणूस खरोखर अडचणीत आहे आणि खरोखर देवाकडे गेलाय, म्हणून ते चालतं, वारकरी घरातली माणसंसुद्धा हसतात. चेष्टा देवाकडे वळली की हॉल गार पडतो, आणि पडायलाच हवा. तसंच जाड माणसावर, बायकोच्या वजनावर वगैरे ओळी नकोत. चीजवर लिहायला बसलं की त्या फार लवकर येतात, आणि एवढा छान विषय सोडून तिकडे जायचं काही कारण नाही.

म्हणताना घाई करू नका आणि स्वतः आधी हसू नका. मंगलाष्टक असेल तर मंगलाष्टकासारखंच म्हणा, अंतरपाट धरल्यासारखं उभं राहा. वृत्ताचं नाव, मात्रा, हे मी तुम्हाला सांगितलं ते श्रोत्यांना सांगायचं नाही. लोक हसले तर हसू ओसरेपर्यंत पुढची ओळ धरून ठेवा, नाहीतर ती वाहून जाते. आणि घरच्यांपुढे कागद बघून वाचू नका, पाठ करून म्हणा. चार ओळी पाठ होत नसतील तर त्यात कुठेतरी ताल मोडलाय असं समजा, बसलेली ओळ दोनदा म्हटली की आपोआप पाठ होते.

तुमच्या स्पर्धेला मी असं सुचवेन की फटक्याच्या चार-सहा ओळींनी सुरुवात करा, त्यात तुमच्या घरातले लोक येऊ देत, मग एकदम आवाज बदलून मंगलाष्टक. आयोजकांनी वेळ कमी दिला तर फक्त मंगलाष्टक. माझ्या ओळी वापरायला काही हरकत नाही पण तुमच्या असतील तर जास्त रंगेल, आणि त्या मंगलाष्टकात अजून दोन कडव्यांना जागा आहेच, एक तव्याकडच्या मंडळींचं, म्हणजे लोणी, मसाला, कोथिंबीर, आणि एक फ्रीजमधून आलेल्या माहेरच्यांचं. लिहिलंत की मला पाठवा, लघु-गुरु मी बघून देतो.